चार्ल्सटनचं विमान

"आज अकरा वाजता ते झुकतील," कॉनी म्हणाली आणि बटाट्याच्या सॅलडचं भांडं सांभाळत माझ्या शेजारी गाडीत येऊन बसली. "अकरापर्यंत ताणतील आणि मग बोलणी करायला बोलावतील. रे म्हणतो, सरकार नेहमी असंच करतं."

मी नुसतं हूं म्हटलं. बुधवार होता, ऑगस्टचा पहिला आठवडा, आणि सकाळीच गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. मला सातवा लागला होता. पोट आणि स्टिअरिंग यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली होती, म्हणून सीट पार मागे सरकवून मी बैलगाडी हाकल्यासारखी लांबून गाडी चालवत असे. डॉक्टरांनी खरं तर चालवूच नका म्हणून सांगितलं होतं. पण घरात टीव्हीसमोर नखं खात बसण्यापेक्षा इथे येऊन चहा वाटलेला बरा, असं मी ठरवलं होतं.

समोर रस्त्याच्या कडेने आमची माणसं फलक घेऊन फेऱ्या मारत होती. त्यांच्यामागे तारेचं कुंपण, कुंपणाला फाटक आणि फाटकाच्या आत विमानतळाचा टॉवर. टॉवरच्या तळाशी एक अंधारी खोली होती. त्या खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसून दिगंबर, म्हणजे माझे यजमान, आठ वर्षं विमानांना वाट दाखवत होते. सोमवारपासून ते फाटकाच्या बाहेर होते.

गावाचं नाव मी सांगत नाही. ओहायोत आहे, एवढं पुरे. या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथेच राहतात, आणि काही अजून आमच्याशी बोलत नाहीत.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी अमेरिकेतल्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी देशभर संप केला. कामाचे तास कमी करा, पगार वाढवा, या कामात माणूस लवकर खलास होतो तर त्याला लवकर निवृत्त होऊ द्या, अशा मागण्या होत्या. सरकारी नोकराला तिथे संपाचा हक्क नव्हता. कामाला लागताना तशी शपथच घ्यावी लागे. गंमत म्हणजे आदल्या वर्षीच्या निवडणुकीत याच युनियनने ज्यांना पाठिंबा दिला होता, तेच राष्ट्राध्यक्ष झाले होते. दिगंबरांनीही मत त्यांनाच दिलं होतं, आणि वर मलाही द्यायला लावलं होतं. सोमवारी सकाळी संप सुरू झाला आणि दुपार व्हायच्या आत ते टीव्हीवर आले. म्हणाले, अठ्ठेचाळीस तासांत कामावर या, नाहीतर नोकरी गेली.

"सिनेमात कामं केलेला माणूस आहे," मी म्हटलं, "डायलॉग चांगलाच म्हणणार."

दिगंबर हसले. रेसुद्धा हसला. तो डायलॉग नव्हता. पुढे अकरा हजारांवर माणसं एका फटक्यात घरी बसली, आणि त्यांना पुन्हा हे काम द्यायचं नाही असंही ठरलं. पण ते बुधवारनंतरचं. सोमवारी आमच्या दिवाणखान्यात सगळे चहा पीत हसत होते, कारण आपण नसलो तर विमानच उडणार नाही याबद्दल त्यांच्यापैकी एकालाही शंका नव्हती.

रे नोव्हाक हा आमच्या विमानतळावरचा युनियनचा पुढारी, आणि कॉनी त्याची बायको. मी नाशिकहून लग्न करून इथे आले तेव्हा आमच्या रंगाच्या जोडप्याला घर द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. रे स्वतः जामीन राहिला आणि आम्हाला घर मिळालं. बर्फात गाडी कशी चालवायची ते मला त्यानेच शिकवलं. आधी दोनदा मला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही, तेव्हा हॉस्पिटलात माझ्या उशाशी कॉनी बसली होती. माझी सख्खी बहीण नाशकात. तिला पत्र पोहोचेपर्यंत मी घरी येऊन भांडी घासायला लागले होते. मी दिगंबरांना 'अहो' म्हणते हे ऐकून कॉनी पहिलं वर्षभर त्यांना 'मिस्टर अहो' म्हणायची. बाकी सगळे डिगर म्हणत.

दिगंबर मूळचे ओझरचे. वडील तिथल्या विमान कारखान्यात फिटर होते, त्यामुळे पोराला लहानपणापासून मान वर करून चालायची खोड. शिकायला म्हणून इकडे आले, इथल्या हवाई दलात शिरले, तिथे हे काम शिकले आणि त्यातूनच इथले नागरिक झाले. या कामाबद्दल त्यांना जे वाटायचं ते मला आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दलही वाटलेलं नाही. मी कधी कधी म्हणायची, तुमचं लग्न त्या पडद्याशी झालंय, मी आपली धाकटी.

सोमवारी संप सुरू झाला तेव्हा ते रात्रपाळी संपवत होते. त्यांच्या कामात एक रीत आहे. खुर्चीवरून उठायचं तर आधी पुढच्या माणसाला सगळं आकाश समजावून द्यायचं. हे विमान इथे, याची उंची इतकी, याला मी असं वळायला सांगितलंय, त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, आलं माझ्याकडे, की मगच उठायचं. उठल्यावरही लगेच निघायचं नाही. त्याच्या खुर्चीमागे जरा वेळ उभं राहायचं, काही सांगायचं राहिलं असेल तर आठवावं म्हणून. त्या सकाळी खुर्ची घ्यायला डेल हचिन्स आला. डेल त्यांचा सुपरवायझर, म्हणजे संपात नसलेला, सरकारच्या बाजूचा. दिगंबरांनी त्याला रीतसर सगळं सांगितलं, रीतसर मागे उभे राहिले, आणि मग बाहेर येऊन फलक उचलला.

घरी येऊन हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी तव्यावर थालीपीठ लावत होते.

"म्हणजे संपावर जाताना किल्ल्या देऊन गेलात," मी म्हटलं.

"विमानं होती ना वर."

"मग संप कसला हो? पुढून दुकानाला कुलूप, आणि मागच्या दाराने गिऱ्हाईक आत."

"देशभर सगळ्यांनी असंच केलं असणार. नुसता उठून निघून गेला असा एक माणूस सापडायचा नाही. सापडला तर तो या कामाचाच नव्हे."

"शहाणे आहात सगळे," मी म्हटलं. त्यांना ते कौतुक वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी डेलचा फोन आला. दिगंबर अंघोळीला गेले होते.

"प्रमिला, त्याला सांग, खुर्ची त्याचीच आहे," डेल म्हणाला. "उद्या अकराच्या आत आला तर मी काही विचारणार नाही. सही करायची आणि बसायचं. अकरा वाजून गेले की माझ्या हातात काही राहणार नाही."

"तुमचं कसं चाललंय?"

"थकलोय. पण चाललंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"डेलचा फोन होता."

"हं."

"काय म्हणाला ते तरी विचारा."

"मला माहीत आहे काय म्हणाला असेल."

"मग?"

दिगंबरांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "रेला काय सांगू?"

"सांगा, बायको कजाग आहे. हे कारण जगात कुठेही चालतं."

ते हसले नाहीत. "मी त्याला शब्द दिलाय, प्रमिला. गेलो तर सगळे मिळून आत जायचं, नाहीतर कोणीच नाही."

"आणि सरकारसमोर शपथ घेतलीत ती? आणि मला दिलेला शब्द?"

"तुला कसला शब्द दिला होता?"

मी पोटावर हात ठेवला. अमेरिकेत डॉक्टर नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा जातो, विमा गेला की हॉस्पिटलचं दार बंद. दोनदा रिकाम्या हाताने घरी आलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दिगंबरांनाही सांगावं लागलं नाही. मोडलेला तुकडा ताटात फिरवत ते म्हणाले, "उद्या बघू."

बुधवारी सकाळी त्यांनी दाढी केली आणि कामावर घालायचा निळा शर्ट घातला. संपावरचा माणूस कशाला दाढी करतोय? मी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारलं की बिनसतं. गणपतीपुढे साखर ठेवली, थर्मासात चहा भरला, तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात घातल्या आणि त्यांना गाडीत घालून इथे आणलं. मनात म्हटलं, फाटकापर्यंत मी पोहोचवते, पुढची दहा पावलं यांना देवाने चालवावं.

कॉनी सॅलडवरचं झाकण काढून बघत होती. आमच्या डोक्यावरून एक विमान खाली आलं आणि कुंपणापलीकडे उतरलं. फलकवाल्यांपैकी कोणीही वर पाहिलं नाही. सोमवारी प्रत्येक विमानाबरोबर सगळे माना वर करत होते, आपसात शेरे मारत होते. मंगळवारी ते कमी झालं. टीव्हीवर सरकार सांगत होतं की बरीचशी विमानं वेळेवर उडतायत. आमची माणसं म्हणायची, थापा आहेत. आत चार सुपरवायझर आणि लष्कराने पाठवलेली काही पोरं, झोपेवाचून किती काढतील? आज ना उद्या त्यांचे हात वर होणारच.

वैमानिक आणि नियंत्रक यांचं बोलणं ऐकू येईल असे छोटे रेडिओ बऱ्याच जणांकडे होते. दिगंबरांच्या खिशातही एक होता, त्याची वायर कायम कानात. मधूनच ते स्वतःशी म्हणायचे, "डेलने बरोबर वळवलं." शिकवणी घेतलेल्या पोराचा पेपर तपासावा तसं.

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" मी एकदा विचारलंही.

"विमानांच्या," ते म्हणाले.

दहा वाजून गेल्यावर ते फलक कुंपणाला टेकवून गाडीपाशी आले आणि मागच्या सीटवर बसले. मी कपात चहा ओतून दिला.

"मिस्टर अहो, आज फार देखणे दिसताय," कॉनी मागे वळून म्हणाली. "दाढी कोणासाठी? टीव्हीवाले यायचेत का?"

"उकाडा आहे," दिगंबर म्हणाले.

"अकरा वाजले की मी सगळ्यांना वाढणार आहे. तुझ्या बायकोच्या तिखट बिस्किटांबरोबर."

"पुऱ्या," मी म्हटलं.

ते चहा पीत होते. एका कानात वायर, डोळे समोर फाटकाकडे. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता उठतील. हा कप संपला की उठतील. नवस बोलायचा राहिला होता तोही मी तेवढ्यात बोलून टाकला.

तेवढ्यात ते एकदम ताठ झाले.

"नाही," ते म्हणाले. मराठीत. मग इंग्रजीत, "नाही डेल, नाही, नाही."

कप त्यांच्या मांडीवर सांडला. त्यांनी दार उघडलं आणि धावत सुटले. फलकवाल्यांच्या मधून, एकाला खांदा लागला, त्याच्याकडे न बघता, थेट फाटकाकडे. फाटकावरच्या पहारेकऱ्यांना हुकूम होता की कामावर परत येणाऱ्याला अडवायचं नाही. दिगंबरांनी नाव सांगितलं असेल नसेल, फाटक उघडलं, आणि ते आत टॉवरच्या दिशेने धावत गेले.

रेने एकदाच हाक मारली, "डिगर."

सगळ्या फेऱ्या थांबल्या. माणसं आधी फाटकाकडे बघत होती, नंतर आमच्या गाडीकडे बघायला लागली.

खरं सांगते, मला आनंद झाला. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. गेले एकदाचे. धावत गेले, म्हणजे चालत जायची लाज वाटली असेल, पण गेले. पोटात बाळाने पाय मारला तेव्हा मी मनात म्हटलं, बघ, तुझे बाबा गेले बघ कामावर.

"तुला माहीत होतं?" कॉनीने विचारलं.

"नाही."

"म्हणून दाढी." ती समोर बघत होती. "आणि मी इथे बसून त्याची थट्टा करत होते."

"कॉनी, माझी अवस्था तुला माहीत आहे."

"माहीत आहे. आमचीही तीन आहेत घरी." तिने भांड्यावर झाकण ठेवलं, नीट दाबून बसवलं. "मी हॉस्पिटलात बसले होते ते कोणी परत करावं म्हणून नव्हे. पण प्रमिला, निदान सांगायचंस. मी या गाडीत बसले नसते."

ती उतरली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने रे माझ्या खिडकीपाशी आला. धिप्पाड माणूस, पण खाली वाकला तेव्हा म्हातारा दिसला. "मी त्याला दोष देत नाही," तो म्हणाला. "तुमचं घर आहे, बाळ येतंय. पण माझी ही माणसं उभी आहेत ती एकमेकांकडे बघून उभी आहेत. उद्यापासून दुकानात भेटलो तर ओळख देऊ नका. तेवढं कर."

"बरं," मी म्हटलं.

बरं म्हटलं, कारण माझ्या मनात तो सौदा झालाच होता. रे आणि कॉनी जातील, नोकरी राहील, बाळ राहील. वाईट वाटलं, पण हिशोब बसला होता. आता डबा इथेच ठेवावा, गाडी काढावी आणि घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावावा, एवढाच विचार होता. पाळी संपली की डेल यांना सोडेल घरी.

मी किल्ली फिरवणार तोच फाटक पुन्हा उघडलं आणि दिगंबर बाहेर आले.

अकरा वाजायचे होते. ते चालत येत होते, सावकाश, आणि वायर कानातून सुटून पॅंटवर लोंबत होती. माणसांनी त्यांना वाट दिली, गरजेपेक्षा जास्त रुंद. रे मधोमध उभा राहिला.

"आत कशाला गेला होतास?"

दिगंबर त्याच्या बाजूने पुढे निघाले, तर रे पुन्हा आडवा आला.

"काय बोललास त्यांच्याशी? घेत नाहीत का तुला?"

"मी बाहेर आलोय, रे," दिगंबर म्हणाले. "एवढं बघ."

"आत कशाला गेला होतास ते विचारतोय."

दिगंबरांनी मान हलवली आणि येऊन माझ्या शेजारी बसले. "चल," ते म्हणाले.

"वेळ आहे अजून."

"चल म्हणतो ना."

मी गाडी काढली. विमानतळाचा रस्ता मक्याच्या शेतांमधून सरळ गावाकडे जातो. बरंच अंतर गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

"डेलने एका टपालाच्या विमानाला खाली आणलं, चार हजार फुटांवर, आणि दक्षिणेला वळवलं. त्या वेळेला तिथे चार्ल्सटन शहराहून येणारं विमान असतं. छोटं, पंख्यांचं. रोज तिथूनच येतं, तेवढ्याच उंचीवर, समोरून. त्याचा वैमानिक तोंडाने उत्तर देत नाही. माइकचं बटण नुसतं दोनदा दाबतो, टक् टक्. मी ते ऐकलं."

"मग?"

"मग धावलो. थांबून रेला सांगायला वेळ नव्हता. खोलीत शिरलो आणि ओरडलो, वर घे त्याला, चार्ल्सटन आहे समोर." ते थांबले. "डेलने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, डिगर, चार्ल्सटनचं विमान सोमवारपासून बंद आहे. निम्म्या फेऱ्या बंद केल्यात आम्ही. पडद्यावर तिथे एकच ठिपका होता. टपालाचा."

"आणि ते टक् टक्?"

"टपालवाल्यानेच केलं असेल. कोणीही करतं."

"पण सोमवारी, काल, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"सोमवारी त्या वेळेला मी झोपलो होतो. काल सभेत होतो."

मी हायसं वाटून म्हटलं, "मग झालं तर. कोणाला काही झालं नाही. आत पोहोचलाच होतात, तर बसायचं होतंत."

"डेल तेच म्हणाला. बाजूची खुर्ची ओढून दिली त्याने."

"मग?"

"मला नसलेलं विमान दिसलं, प्रमिला. वाटलं नाही, दिसलं. त्याची उंची, वेग, सगळं. सोमवारी डेलच्या हातात जे आकाश दिलं तेच माझ्या डोक्यात अजून चालू आहे. असल्या माणसाने त्या खुर्चीवर बसू नये."

"पडद्यासमोर बसला असतात तर पडद्यावरचंच दिसलं असतं. नुसत्या कानाने ऐकून कोणाचीही चूक होईल."

"होईल. दुसऱ्या कोणाची झाली असती तर मीही हेच म्हटलं असतं." त्यांनी लोंबणारी वायर गुंडाळून खिशात घातली. "विमानात माणसं बसलेली असतात."

"माझ्या पोटातही बसलंय कोणीतरी," मी म्हटलं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. एवढा गुणी, एवढा नेकीचा माणूस माझ्याच वाट्याला का यावा, याचा मला संताप आला होता.

मका दोन्ही बाजूंना डोक्याएवढा वाढला होता.

"तुला वाटत असेल डेल थकलाय," ते म्हणाले. "मलाही वाटायचं. तो निवांत बसला होता. शेजारी अर्धं सँडविच, पाय पसरलेले. लष्कराची दोन पोरं गप्पा मारत होती. त्यांनी आकाशच लहान करून टाकलंय. आमच्यावाचून चालेल एवढंच ठेवलंय. असं ते महिनोन्महिने चालवतील."

"रेला का नाही सांगितलंत हे? तो विचारत होता."

"काय सांगू? की आपण हरलोय? ती माणसं अकराची वाट बघत उभी आहेत. एवढ्या आशेने उभी आहेत. अकरापर्यंत तरी राहू दे म्हटलं. मला काय म्हणायचं ते म्हणोत."

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं असतंत तर ते आत गेले असते."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून अकरा वाजले नव्हते. तुम्ही आतलं बघून आला होतात. तुमचं ऐकून रे सगळ्यांना घेऊन आत गेला असता. सगळे मिळून. तुमच्या शब्दाप्रमाणे. तुम्हीही त्यांच्याबरोबर."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. विमानं कशी वाचवायची तेवढंच त्या डोक्याला शिकवलेलं होतं. ते म्हणाले, "वळव."

मी वळवली. त्या पोटाने, त्या अरुंद रस्त्यावर मी गाडी कशी वळवली आणि किती वेगाने नेली ते मला आता आठवतही नाही. रे म्हणायचा, बर्फात घसरलीस तरी ब्रेक लावू नकोस. मी तो कुठेच लावला नाही. दिगंबर पुढे वाकून बसले होते आणि काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होते. "रे, ऐक. मी आत गेलो होतो. रे, त्यांनी निम्मी विमानं बंद केलीयेत. रे, आत्ताच्या आत्ता चला."

मका संपला, टॉवर दिसला, मग कुंपण. माणसं दिसली. ती ओरडत होती. मला आधी वाटलं, मारामारी झाली. मारामारी नव्हती. हातात हात घालून, फाटकाकडे तोंड करून, ते सगळे एका सुरात उलटे आकडे मोजत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तीन, दोन, एक झालं आणि अकरा वाजले.

मग जो आवाज उठला तो मी अजून विसरलेली नाही. टोप्या हवेत गेल्या. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. एकही माणूस आत गेला नव्हता. कॉनीने रेच्या गळ्यात हात टाकले होते आणि ती रडत होती, हसत होती. रेने आमची गाडी पाहिली. त्याने आमच्याकडे पाठ केली. मग त्याच्या शेजारच्याने पाठ केली, मग सगळ्यांनी.

दिगंबरांचा हात दाराच्या कडीवर होता.

"आता सांगू का?" त्यांनी मला विचारलं.

मी नको म्हटलं.